मल्लेशमचा तिसरा भाग

साखर पेठेत, दोन यंत्रमाग विकून मोकळ्या झालेल्या खोलीत
मल्लेशम येमूलनं चार टीव्ही मांडले होते.
तासाला दहा रुपये. चपला बाहेर.
फरशीतून मागाचे बोल्ट तसेच वर आलेले,
एकेका बोल्टाला एकेकाचा अंगठा ठेचलेला.
सीडीवर स्केचपेननं लिहिलेलं : रक्तपिशाच ३.
एक आणि दोन सोलापुरात आलेच नाहीत,
त्यामुळं आमची गोष्ट मधूनच सुरू झाली.

नियम कुणी शिकवले नाहीत.
रक्त प्यालं की लाल पट्टी भरते.
नुसता उभा राहिलास तरी ती आटत जाते.
पाण्यात पाय पडला की जळतो, उन्हात अंगातून धूर निघतो
(मे महिन्यात पार्क मैदानावरून अनवाणी आलेल्याला
यात नवल कसलं).
कुलूप लागलेलं दार दिसलं तर पुढं जायचं,
मोठ्या राक्षसाला मारून त्याची विद्या घ्यायची,
मग सगळा किल्ला उलटा तुडवत
त्या एका दारासाठी परत यायचं.
सेव्ह करायची जागा म्हणजे शवपेटी.

भिंत फोडली की कधी कधी आत कोंबडी मिळायची,
भाजलेली, वाफाळती, चारशे वर्षं चिणलेली.
इरण्णाच्या गळ्यात लिंग. तो कोंबडी उचलायचा नाही,
पट्टी संपून मरायचा, पण नाही.
रक्ताचं विचारलं तर म्हणायचा,
ते मी पीत नाही बे, तो पितो.

मध्येच वर-खाली काळ्या पट्ट्या यायच्या.
पांढऱ्या केसांचा तो कुणाशी तरी इंग्रजीत बोलत राहायचा
आणि आमचा अंगठा त्रिकोणाकडं जायचा.
'दाबू नको बे. कथा सोडायची नाही.'
स्टुलावरून मल्लेशम सांगायला लागायचा :
'ह्यो रातपाळीचा मुकादम. मालकानंच मारला ह्याला,
मग मालकानंच उठवला, माग कोण चालवणार?
दिवसा झोपतो बिचारा. पोरं ओरडली की चिडतो.
ही निळ्या उजेडातली बाई? बायको ह्याची.
ओळख देईना, हजार विड्या पुऱ्या व्हायच्यात तिच्या.'
ती बाई आली की तो मराठी सोडून तेलुगूत शिरायचा.
मुनाफला तेलुगू येत नव्हतं,
तरी त्याचे डोळे भरायचे.
वीज गेली तर गोष्ट अंधारात चालू राहायची,
तेवढ्या वेळाचे पैसे मल्लेशम धरायचा नाही.

गेल्या वर्षी पुण्यात मी तो खेळ विकत घेतला.
पेटीबंद, खरा. इंग्रजी आता कळतं.
तो मुकादम नाही, कुठल्यातरी उत्तरेच्या राज्याचा
हाकललेला सरदार आहे, भाषण फार करतो.
शाप, भविष्यवाणी, कालचक्र,
आपल्याच मागच्या भागातल्या स्वतःला मारणं.
आणि निळ्या उजेडातली ती बाई
त्याची कुणीच नाही.
ती सांगत होती
हवेत असताना दुसरी उडी कशी मारायची.

एवढंच. तीन वेळा ऐकलं, तेवढंच.

दिवाळीला गेलो तेव्हा खोलीत टॉवेलच्या गाठोड्यांचं गोदाम होतं.
मल्लेशम चिंचोळीला एका कारखान्यावर रातपाळीचा वॉचमन.
दुपारी दीडला दार वाजवलं,
एका हातानं डोळ्यांवर ऊन अडवत बाहेर आला,
ओळखायला वेळ लागला.
कडक भाकरी अन् शेंगाचटणी पुढं केली, स्वतः खाल्ली नाही.
'चौथा आला की बे म्हणं?'
आला, म्हटलं. पाचवाही.
'कथा सोडलास?'
नाही.
खिडकीला चादर लावली होती, जुनी, मोर उलटे.
तिची एक कडा त्यानं खिळ्याला नीट अडकवली,
खोली अंधारली.
'मग? बायकोनं ओळख दिली का त्याला?'

मी भाकरीचा तुकडा मोडला.
बाई खाली मान घालून पान कातरत होती, म्हणालो,
आणि हा दारात उभा.